चुन्याच्या रानातली सावली

मी संशयी माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे घडलं ते एखाद्या भाबड्या माणसानं सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यानं मान डोलावून सोडून दिलं असतं. दूधवाल्यानं माप काठोकाठ भरलं तरी माझं लक्ष त्याच्या अंगठ्याकडं असतं. देवळात पुजारी अंगारा लावायला लागला की माझी नजर त्याच्या ताटाकडं जाते. यात थोडा दोष स्वभावाचा आणि थोडा नोकरीचा. एकतीस वर्षं मी भूमी अभिलेख खात्यात जमिनी मोजल्या. मोजणीला गेलं की बांधाच्या दोन्ही बाजूंचे लोक देवाशपथ सांगतात की दगड आजोबांच्या काळापासून इथंच आहे. दोघंही रडवेले होऊन सांगतात, आणि दगड मात्र हललेला असतो. पहिल्या मोजणीवर हरकत आली की वरचा अधिकारी पुन्हा मोजणी करतो, तिला आमच्या खात्यात निमताना म्हणतात. त्या बाबतीत माझा एक स्वतःचा नियम होता. निमतान्याला येणाऱ्या माणसाला पहिला नकाशा आधी दाखवायचा नाही. दाखवला की तो त्याच रेघेवरून रेघ ओढतो, चहा पितो आणि घरी जातो. या नियमानं माझं नाव खात्यात चांगलं झालं, आणि याच नियमानं मी माझ्या बायकोचा घात करायला निघालो होतो.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर एका हळदीकुंकवाहून आल्यावर ही आरशासमोर मंगळसूत्र सारखं करत होती. ते सारखं एका बाजूला सरकायचं. हात लावून बघितलं तर मानेच्या डाव्या बाजूला, खाली हाडाजवळ, बोराएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. मग आठवलं की महिनाभर हिला संध्याकाळी कणकण येतेय, पहाटे घामानं उशी ओली होतेय, आणि पोलकी ढिली होत चालली आहेत. आम्ही कळंबला राहतो. तिथल्या डॉक्टरांनी गाठीत सुई घालून पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं. उत्तर आलं की नुसत्या मेलेल्या पेशी आहेत, काही सांगता येत नाही. म्हणून धाराशिवला जाऊन नसेत रंग टोचून छातीचा आणि मानेचा सीटी स्कॅन केला. निळसर काळ्या फिल्मा आणि सोबत दीड पानाचा अहवाल मिळाला. त्यात श्वासनळीभोवती आणखी गाठी असल्याचं लिहून शेवटी म्हटलं होतं, क्षय असावा, किंवा लिंफोमा असावा, खात्री करून घ्यावी. लिंफोमा म्हणजे या गाठींचाच कर्करोग, हे डॉक्टरांनी समजावलं. एका आजारात सहा महिने गोळ्या घेऊन माणूस उठून कामाला लागतो. दुसऱ्याचं नाव घेतलं की शेजारीपाजारी आवाज खाली करून बोलायला लागतात. आणि दोन्हींची लक्षणं इतकी सारखी की ताप, घाम, वजन यांवरून त्यांना वेगळं काढता येत नाही.

त्या 'किंवा' वर मी आठ दिवस घालवले. एवढं मोठं यंत्र, एवढा शिकलेला माणूस, आणि लिहितो काय तर हे किंवा ते. आमच्या खात्यात असा नकाशा कुणी दिला असता तर मी तो परत पाठवला असता. मला वाटायला लागलं की हे मुद्दाम आहे. दोन्ही नावं लिहिली की माणूस घाबरून पुढच्या तपासणीला जातो, तिथला माणूस त्याच्या पुढच्याकडं पाठवतो, आणि सगळे एकमेकांचे सोयरे असतात. कुणीही मला असं सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं, आणि एकदा ठरवलं की मला सगळीकडं पुरावेच दिसायला लागतात. मग आम्ही सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांकडं जायचं ठरवलं, तेव्हा मी माझा जुना नियम काढला. फिल्मा आणि अहवाल माळ्यावर, जुन्या नकाशांच्या पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवले. फाईलमध्ये ठेवली फक्त रक्ताची कागदं. हिला म्हणालो, "सगळं घेतलंय."

आमचे शेखभाई गाडी चालवत होते. शेखभाई माझ्याबरोबर खात्यात होते, आधी साखळी धरायला आणि पुढं यंत्र आल्यावर यंत्र धरायला. धाराशिव ओलांडल्यावर ही मागच्या सीटवर झोपली, तेव्हा मी त्यांना हळूच माझी युक्ती सांगितली. मला वाटलं होतं कौतुक करतील. ते रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "क्या साहेब, भाभीच्या दुखण्यातबी निमताना लावला व्हय तुमी? बांधाचा दगड जागेवर ऱ्हातो, वर्ष काढलं तरी. माणूस ऱ्हातो का?" मी म्हणालो, तुम्हाला यातलं कळत नाही. एकतीस वर्षं मी त्यांना हेच सांगत आलो होतो.

सोलापूरचे डॉक्टर शांत होते, तेवढ्यानंच मला ते आवडले नाहीत. ते प्रश्न हिला विचारत आणि उत्तर मी देत असे. लहानपणी घरात कुणाला क्षय होता का? मी म्हणालो, नाही. आधी कुठं सीटी केला का? मी म्हणालो, नाही. ही माझ्याकडं बघत राहिली, पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायची हिची रीत नाही. डॉक्टरांनी पेट स्कॅन करायला सांगितला. त्यात साखरेसारखं औषध टोचतात आणि अंगात जिथं जिथं काही जोरात चाललंय तिथं ते उजळतं. हिच्या मानेत, छातीत आणि पोटातल्या एका जागी दिवाळीसारखं उजळलं. डॉक्टर म्हणाले, हे क्षयातही पेटतं आणि कर्करोगातही पेटतं, यावरून ठाम सांगता येणार नाही, पण एवढ्या ठिकाणी पसरलंय म्हणून मला लिंफोमाची शंका जास्त येते. या तपासणीत रंग टोचलेला नाही, तेव्हा रंग टोचून सीटी करू आणि मानेतली गाठ अख्खी काढून तपासू. मी मनात म्हणालो, बघा, आलाच पुढचा सोयरा. जो सीटी माझ्या माळ्यावर पडला होता तोच पुन्हा करायला सांगत होते, म्हणजे मी पकडलंच यांना, असं मला वाटलं. आपणच खोटं सांगितल्यामुळं ते विचारतायत, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. चार दिवसांनी कळवतो, म्हणून आम्ही उठलो.

चार दिवसांचा महिना होत आला. खरं तेच लिहितो. मी भीत होतो. गाठ काढली की नाव कळणार, आणि नाव कळलं की ते परत घेता येणार नाही. डॉक्टरांवरचा संशय ही माझ्या भीतीवर पांघरलेली चादर होती, आणि त्या चादरीखाली मी आरामात पडून होतो. ताप मात्र हिला येत होता. भाकरी थापताना ही मध्येच खुर्चीवर बसायची. माझ्याशी नीट बोलायची, हसायचीही, पण एक गोष्ट मला कळत नव्हती. हिनं ट्रंकेतल्या साड्या काढून कुणाला कोणती ते सांगायला सुरुवात केली होती. मी विचारलं तर म्हणाली, कसर लागतीय, म्हणून उन्हाला टाकते. मी तेव्हासुद्धा कसरीवरच विश्वास ठेवला. जिथं संशय घ्यायचा तिथं नेमका घेतला नाही.

चैत्र पौर्णिमा जवळ आली तसा हिनं हट्ट धरला की येरमाळ्याला जायचं. हिचं माहेर येरमाळ्यापासून जवळच्या एका वस्तीवर. येडेश्वरी, म्हणजे येडाई, हिच्या घरची देवी. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून उतरून चुन्याच्या रानात येते. देवळाच्या बांधकामाला चुना लागला तेव्हापासूनची रीत म्हणतात, त्या रानात लाखो माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि एका जागी ढीग घालतात. आमच्याकडं माणशी पाच खडे वेचतात. लग्नानंतर मी दोनतीनदा गेलो होतो आणि दर वेळी रानाच्या कडेला उभा राहून बघत होतो की एवढे खडे दर वर्षी येतात कुठून, कुणी आदल्या दिवशी आणून तर टाकत नाही ना. या वेळी मी म्हणालो, तुला झेपणार नाही, ऊन आहे. ही म्हणाली, "झेपंल तेवढं बसून वेचीन. पण औंदा मला जायचंच हाय." औंदाच का, हे मी विचारलं नाही.

सकाळी नऊलाच ऊन टोचायला लागलं होतं. रानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया, म्हातारी माणसं, कडेवर लेकरं घेतलेले बाप, सगळे वाकलेले. ही चार खडे वेचून धापा टाकत खाली बसली. मी शेजारी उभा राहून सावली कुठं दिसते का बघत होतो. तेवढ्यात हिनं ओटीची पिशवी उघडली, नारळाखालून खणात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि उलगडलं. माळ्यावरची फिल्म होती ती. माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि आयुष्यभर जमीन मोजलेल्या माणसाला ते वाक्य तेव्हा कळलं.

"कधी सापडली?" मी विचारलं.

"होळी झाल्यावर. धुरळा झाडाय वर चढले व्हते." ती फिल्मेवरून हात फिरवत होती. "कागूद इंग्रजीत, मला वाचता येईना. पण तुमी माझ्यापसून लपवलंय म्हणल्यावर वाईटच असणार की. म्हणलं, माणसांना न्हाय तर देवीला तरी दाखवू."

म्हणजे जवळजवळ महिनाभर ही बाई, आपण मरणार आहोत आणि नवरा ते लपवतोय, असं समजून माझ्या ताटात गरम भाकरी वाढत होती. साड्यांचा अर्थ मला तिथं, त्या रानात, उभ्याउभ्या कळला. मी डॉक्टरांपासून लपवलं होतं, पण माझं लपवणं तिच्यापर्यंत भलत्याच अर्थानं पोचलं होतं. मला सांगायचं होतं की तसं काही नाही, कागदावर दोन नावं आहेत, नक्की काहीच नाही. पण ते सांगायचं सोडून मी खाली बसलो. हिनं माझ्याकडं बघितलं आणि ऊन सहन होईना म्हणून ती फिल्म दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. त्या निळसर सावलीत आम्ही दोघं बसलो.

आमच्यामागं एक बाई खडे वेचत होती. पन्नाशीची असेल. साधी सुती साडी, कपाळाला मळवट, पाय अनवाणी, ओच्यात दोनतीन खडे. ती वेचता वेचता थांबली आणि हिच्या डोक्यावरच्या फिल्मेकडं वर बघत राहिली. सूर्य पलीकडून आला होता, त्यामुळं फिल्मेवरची चौकटीचौकटीची चित्रं उजळून निघाली होती. "ताई, हात तसाच धरा जरा," असं म्हणून तिनं कमरेला खोचलेला चष्मा काढून लावला आणि माझ्या बायकोच्या खांद्याशी गुडघे टेकून बसली.

मी लगेच विचारलं, "तुम्ही कोण?" ती म्हणाली, "असले फोटो वाचायचंच काम करते मी. दवाखान्यात दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून." कुठला दवाखाना, हेही मी विचारलं. ती हसून म्हणाली, "आज सुट्टीवर आहे हो. खडे वेचायला आलेय." माझ्या मनात चक्रं फिरायला लागली. जत्रेत माणसं हेरणारे असतात, आजारी माणसाला गाठून कुठल्यातरी दवाखान्यात नेणारे असतात. ही आता पत्ता देईल, कार्ड काढील, नंबर मागील, म्हणून मी तिच्या हाताकडं लक्ष ठेवून बसलो. तिच्या हातात खड्यांशिवाय काही नव्हतं.

तिनं बोट न टेकवता एकेक चौकट दाखवली. म्हणाली, "या गाठी बघा. कडा उजळलीय आणि आत काळोख आहे. टोचलेला रंग रक्ताबरोबर कडेपर्यंत गेला, आत शिरला नाही, कारण आतलं मेलंय. क्षयाच्या गाठी बऱ्याचदा अशा दिसतात, आणि एकमेकींना चिकटून असतात. लिंफोमाची गाठ बहुधा सगळीकडून सारखी भरलेली दिसते." मग तिनं श्वासनळीजवळचा एक पांढरा ठिपका दाखवला. ज्वारीच्या दाण्याएवढा असेल. "आणि हा चुना. जुना क्षय कधीतरी येऊन बरा झाला की शरीर ती जागा चुन्यानं लिंपून टाकतं. ताई, लहानपणी घरात कुणी खोकत होतं का?"

हिनं पहिल्यांदा माझ्याकडं न बघता उत्तर दिलं. "आजा व्हता माझा. लई खोकायचा. मी त्येच्याच वाकळंत झोपायची. पुढं त्यो त्यातच गेला." सोलापूरला हाच प्रश्न विचारला होता आणि मी नाही म्हणालो होतो. मला ठाऊकच नव्हतं, आणि मी हिला विचारलंही नव्हतं. ही आपल्या मुठीतल्या खड्यांकडं बघत होती. "म्हंजी माझ्या छातीत बी चुना हाय व्हय?" असं म्हणून ती हसली. कित्येक दिवसांत ती तशी हसली नव्हती.

ती बाई मात्र हसली नाही. तिनं हिच्या हातातली फिल्म हलकेच खाली घेतली आणि माझ्याकडं वळून स्पष्ट सांगितलं, "मी उन्हात बघून बोलतेय, चुकू शकते. चुन्याचा ठिपका जुन्या आजाराचा आहे, आताच्या आजाराची तो साक्ष देत नाही. आतून काळा दिसणारा लिंफोमाही असतो. क्वचित दोन्ही एकाच माणसात निघतात. फोटो फक्त वाट दाखवतो. गाठ काढून तपासा, आणि जेवढे फोटो झालेत तेवढे सगळे एका टेबलावर ठेवा. जुना फोटो समोर नसला की आम्ही अर्धे आंधळे असतो." तेवढ्यात 'आई राजा उदो उदो' चा गजर उठला, पालखी आली होती. सगळं रान उठून उभं राहिलं. ती बाई ओचा सावरत गर्दीत शिरली, आपले खडे ढिगावर टाकताना मला दिसली, आणि मग दिसली नाही. तिनं नंबर दिला नाही, नाव सांगितलं नाही, आमचंही विचारलं नाही. माझ्याजवळ संशय घ्यायला काहीच उरलं नव्हतं.

हिनं पाचवा खडा वेचला आणि ढिगावर टाकायला गेली. मीही लोकलाजेस्तव पाच खडे उचलले होते. पण ते ढिगावर न टाकता मी सदऱ्याच्या खिशात घातले. हे खरंच चुनखडीचे आहेत की साधे मुरमाचे, ते घरी जाऊन बघायचं, असं माझ्या मनात होतं. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडल्यावरसुद्धा मी तेच केलं. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही.

परतताना मी शेखभाईंना फोन लावला आणि सगळं सांगून विचारलं, ती बाई कोण असेल, काही डाव तर नसेल. ते म्हणाले, "साहेब, तिचं सोडा. निमताना झाल्यावर आपन जुना नकाशा कपाटातून काढायचो का न्हाय? दोनी एकावर एक ठेवून उजेडात धरायचो ना? तुमी अर्धाच नियम पाळला." मी फोन ठेवला. एकतीस वर्षं ज्या माणसाला यातलं कळत नाही असं मी समजत होतो, त्याला माझंच काम माझ्यापेक्षा नीट आठवत होतं.

दोन दिवसांनी आम्ही सोलापूरला गेलो. मी डॉक्टरांच्या टेबलावर फिल्म ठेवली आणि कबूल केलं की मी लपवली होती, आणि घरात क्षय होता हेही आजच सांगतोय. या वेळी प्रश्न हिला विचारले गेले आणि उत्तरंही हिनंच दिली. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, शेजारी पेटचं चित्र लावलं, आणि बराच वेळ दोन्हींकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, "हे आधी असतं तर..." आणि पुढचं बोलले नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्यानं मला जी लाज वाटली ती रागावण्यानं वाटली नसती. त्यांनी दाखवलेली कडा तीच, काळोख तोच, पांढरा ठिपका तोच. शेवटी तेही तेच म्हणाले, क्षयाची शक्यता आता बरीच वाटते, तरी गाठ काढल्याशिवाय औषध सुरू करायचं नाही.

गाठ काढली. तपासणीचा निकाल यायला काही दिवस लागणार होते. त्या दिवसांत एका दुपारी ही झोपली असताना मी खिशातले पाच खडे काढले आणि एकावर लिंबू पिळलं. चुनखडी असेल तर फेस येतो, हे मला माहीत होतं. खडा बारीक फसफसला. मी दुसऱ्यावर पिळलं, तोही फसफसला. तिसरा हातात घेतला आणि मला माझीच किळस आली. बायको जगणार की जाणार हे कळायचं आहे, आणि मी स्वयंपाकघरात देवीची परीक्षा घेतोय. मी खडे धुतले, पुसले आणि देवघरात एका वाटीत ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मी हात जोडून काही मागितलं नाही. एवढंच म्हणालो, जे नाव असेल ते असू दे, मी ते लपवणार नाही.

निकालात क्षयाचे जंतू सापडले. कर्करोगाची एकही पेशी नव्हती. हिला सांगितलं तेव्हा ही रडली नाही. उठून साड्यांची ट्रंक उघडली आणि जी साडी धाकट्या नणंदेला द्यायची ठरवली होती ती काढून नेसली. गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस मळमळ झाली, गोळीच्या रंगानं लघवी केशरी झाली म्हणून मी घाबरलो आणि शेखभाईंनाच फोन लावला. तिसऱ्या आठवड्यात ताप येईनासा झाला. पावसाळ्यात भाकरी थापताना ही मध्ये बसेनाशी झाली. गोळ्या सलग घेतल्या, एकही दिवस चुकवला नाही. दिवाळीनंतर तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी फिल्म घेताना मला हसून विचारलं, मागच्या सगळ्या आणल्यात ना? मी अख्खं नळकांडंच पुढं केलं.

त्या बाईला शोधायचं माझ्या मनात पुष्कळदा आलं. मला ते अवघड नव्हतं. फोटो वाचणाऱ्या बायका आपल्या भागात किती असणार, दोनचार फोन केले असते तर ठावठिकाणा लागला असता. एकदा यादीसुद्धा करायला बसलो. दोन नावं लिहिली आणि हात थांबला. सापडली असती तर मी तिचे आभार मानले असते, हे खरं. पण त्याआधी मी तिला विचारलं असतं की तुम्ही नेमक्या आमच्याच मागं कशा आलात, आणि तिचं उत्तर मी तोलून बघितलं असतं. मला माझा तो आवाज ऐकू आला आणि मी कागद फाडला. ती एक जाणती बाई होती, सुट्टी काढून देवीला आली होती. हिच्या डोक्याला ऊन लागत होतं. या दोन गोष्टी कुणी एका जागी आणल्या, याची मोजणी माझ्याकडं नाही, आणि ती मागायचा मला अधिकार आहे असंही आता वाटत नाही.

यंदाच्या चैत्रात आम्ही पुन्हा येरमाळ्याला गेलो. ही माझ्यापुढं चालत होती. मंगळसूत्र गळ्यात सरळ बसलं होतं, मानेवर टाक्यांची बारीक रेघ राहिलीय तेवढीच. मी देवघरातले पाच खडे रुमालात बांधून नेले होते. वर्षभर ते माझ्या घरात अडकून पडले होते. ही वाकून वेचायला लागली, तेव्हा मी हिला खडे दाखवले आणि लिंबाची हकिगत सांगितली. आमच्यात आता काही लपवायचं नाही असं ठरलंय. हिनं दोन खडे उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "बरं झालं घेऊन गेलात. देवीला बी कळलं असंल, ह्यो माणूस न्हेल्यालं परत आणून देतोय."

मी ढिगाजवळ गेलो. गर्दीत कुणाकुणाचे हात येत होते, खडे पडत होते. माझे पाच त्यांत टाकले. ते पडताक्षणी कुठले माझे आणि कुठले दुसऱ्याचे हे मला ओळखता येईना. मी थोडा वेळ बघत राहिलो, सवयीनं. मग ही हाक मारतेय हे ऐकू आलं आणि मी वळलो.